पाण्यात सुटलेलं तिकीट

६ नोव्हेंबर

दादा,

वर 'प्रिय' लिहून खोडलंय, ते मलाही दिसतंय. नवा कागद घेता आला असता, पण म्हटलं तुलाही दिसू दे.

आईला तुझी दोन पत्रं आली. एक गेल्या महिन्यात, दुसरं परवा. तिच्यासाठी छान झालं, हे मी अगदी मनापासून लिहितेय. ती ती पत्रं उशीखाली ठेवते आणि आम्हाला कळत नाही असं समजते. पण आता मला सांग, आधीची दोन वर्षं तू कुणाला लिहायचास? मला. नंबर बदललास तो कळवला नाहीस, पण पत्र यायचं, अर्ध्या पानाचं का होईना. मग या जानेवारीपासून तोंडाला कुलूप. मी आपली लिहितेय, लिहितेय, आणि तिकडून चकार शब्द नाही. माझं एकही पत्र परत आलं नाही, त्यावरून ठरवायचं की पत्ता बरोबर आहे आणि माणूस धडधाकट आहे. आणि आता उगवलास तो थेट आईच्या नावावर! मी काय तुमचा निरोप्या होते का, की काम झालं, निघा आता?

तू गप्प का झालास याचा मला अंदाज आहे. तू विचारलं होतंस, "माझी पत्रं येतात तेव्हा अप्पा काही म्हणतात का?" मी जे खरं ते लिहिलं, "तिकीट छान आहे म्हणाले." मला ते लिहिताना हसू आलं होतं. तुला आलं नसणार. पण अरे, ते खरंच तेवढंच म्हणाले होते. मी काय पदरचं घालायचं होतं?

असो. पत्र चांगलं लिहायला शिकलास तिकडे जाऊन. आईने दोन्ही मोठ्याने वाचली. "गुडघे कसे आहेत, जिना चढताना मधल्या वळणावर थांबतेस का अजून?" मी चाटच पडले. तू या घरात होतास तेव्हा आईला गुडघे आहेत हे तरी तुला ठाऊक होतं का? आणि मग अप्पांच्या बोटांबद्दल, तेही चांगल्या चार ओळी. थंडीत टोकं दुखतात का, लाल होतात का, सांगून ऐकणार नाहीत पण बोटांवर चढवायला लोकरीचं काहीतरी विणून दे. आई वाचता वाचता थांबली. अप्पा चष्मा पुसत होते, ते पुसतच राहिले, आणि मग उठून गॅलरीत गेले.

बाइंडिंगच्या दुकानातल्या त्या कटिंग मशीनचं नाव तीन वर्षांत या घरात कुणी काढलेलं नाही. घाई होती म्हणून पात्यापुढचा गार्ड तू वर बांधून ठेवलास, अप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली, ते "हा मला समोर नको" म्हणाले, आणि तू खरंच समोरून गेलास. एवढंच ना? एवढ्यावर किती वर्षं काढायची असतात माणसाने? परवा त्या चार ओळी ऐकल्या आणि वाटलं, चला, कुणीतरी एकाने तोंड उघडलं.

पत्र अप्पाच वर आणतात. टेबलावर टाकतात, म्हणतात, "घ्या, तुमच्या लाडक्याचं आलंय." मग मला हुकूम: "मला त्या पत्राशी घेणंदेणं नाही. तिकीट तेवढं माझ्या अल्बमसाठी काढून ठेव." यावेळी तू तिकीट जरा तिरकं चिकटवलंयस, त्यावरूनही चार शब्द ऐकवून झाले. सरळ लावायला काय होतं म्हणे.

तिकिटं अजून काढायची आहेत. ही तुझ्या तिकडची स्टिकरसारखी तिकिटं म्हणजे डोक्याला ताप आहे. जुनी गोंदाची असायची, ती पाण्यात टाकली की आपली आपण सुटायची. ही नवी पाण्याला दाद देत नाहीत, कागदाचा लगदा होतो पण तिकीट हलत नाही. मी काय करते, पाकिटाचा कोपरा कापते, मागच्या बाजूने संत्र्याच्या तेलाचा फवारा मारते, तो खोलीत सुवास यावा म्हणून मिळतो ना तो. कागद तेलकट पारदर्शक झाला की तिकीट अलगद सोलायचं आणि मागे लगेच टाल्कम पावडर फासायची, नाहीतर ते अल्बमच्या पानाला जन्माचं चिकटेल. अप्पांना त्या हाताने कागद चिमटीत धरता येत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे. तू मला लहानपणी चिमटा म्हणायचास, आता खराखुरा चिमटा घेऊन बसते.

फवारा संपलाय. औषधाच्या दुकानात काउंटरला मीच असते, तरी मलाच मिळत नाही. म्हणून कापलेले कोपरे बशीत पडून आहेत.

मला पण लिही. निदान भांडायला लिही.

चिमटा


२१ नोव्हेंबर

दादा,

मागचं पत्र रद्द समज. नाही, सगळं नको. तू गप्प राहिलास त्याबद्दलचं तेवढं ठेव, बाकीचं रद्द.

काय झालं ते सांगते. तिकिटांची बशी मी स्वयंपाकघरात, नळाशेजारच्या फळीवर ठेवली होती. नळ ठिबकतो, तू असतानाही ठिबकायचाच. सकाळी पाहते तर बशीत पाणी भरलेलं. मी ओरडलेच. पाणी लागलं की ती तिकिटं कामातून जातात आणि मग अप्पा दिवसभर बोलत नाहीत. पण बशीत पाहिलं तर कागदाचे तुकडे तळाला आणि दोन्ही तिकिटं वर तरंगत होती. सुटी, स्वच्छ, कोपरासुद्धा न दुमडता.

आधी आनंद झाला. मग पुन्हा वाकून पाहिलं. कारण हे होतच नाही. होऊच शकत नाही.

एक तिकीट चिमट्याने उलटं केलं. मागे पांढरे डाग होते. पावडर, दादा. टाल्कम पावडर. ती मी लावलेली होती. म्हणजे ते तिकीट आधी एकदा मीच कुठल्यातरी पाकिटावरून सोललं होतं आणि अप्पांच्या हातात दिलं होतं. पावडरीवर निळसर बुळबुळीत काहीतरी होतं. नाकाशी धरलं. तुला सांगायला नको कसला वास ते. आपण दोघांनी त्या वासात पाढे पाठ केलेत. मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. या शहरात मैद्याची खळ शिजवून पुस्तकं बांधणारा आता एकच माणूस उरला असेल, आणि तो आमच्या घरात जेवतो.

मग उशीखालून पाकिटं काढून पाहिली. आई भाजी आणायला गेली होती. पाकिटं विकतची नाहीतच. कागद कापून घडी घातलेली, घडीवर हाडाची पट्टी फिरवून धार काढलेली. शिक्क्याचा अर्धा गोल तिकिटावर होता तो तिकिटाबरोबर गेला, आणि उरलेला अर्धा पाकिटावर पेनाने काढलेला होता, जरा थरथरता. अक्षर तुझं. तुझंच म्हणजे काय, तुला पट्टी मारून मारून ते वळण लावलं कुणी? तुझा 'ळ' त्यांच्याच 'ळ'चा मुलगा आहे. मला कसं ओळखू येणार?

तिकीट तिरकं होतं, आठवतंय? तीन बोटांनी दाबून लावलं की तिरकंच जाणार. आणि वर तुलाच बोलले.

म्हणजे तू लिहिलंच नाहीस. एक अक्षर नाही. तुझ्या आईला तिच्या नवऱ्याने तुझ्या नावाने पत्रं लिहिली, आणि मी इकडे तुझ्यावर खूश होऊन बसले.

खूप राग आला. तुझा, त्यांचा, माझा स्वतःचा. त्या नळाचासुद्धा. आणि मग दुपारी दुकानात कुणाला तरी खोकल्याची बाटली देताना एकदम ते बोटांचं आठवलं. थंडीत दुखतात का. टोकं लाल होतात का. दादा, ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं. स्वतःच्या बोटांची चौकशी, तुझ्या अक्षरात. तू हे विचारावंस असं त्यांना वाटत होतं, आणि तू विचारत नव्हतास, म्हणून त्यांनीच विचारून टाकलं. मी काउंटर सोडून आत जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईक हाका मारत होतं.

घरी आल्यावर तिकिटं टीपकागदावर वाळवली आणि नेहमीसारखी त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाले, "फवारा मिळाला वाटतं?"

म्हटलं, "नाही. पाण्यातच निघाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी तिकिटांकडे. मग म्हणाले, "तिकडे अजून जुन्या गोंदाची शिल्लक असतील एखाददुसरी."

"असतील," म्हटलं.

मी आईला काही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण तुला कळलंच पाहिजे. यावर तरी लिही.

चिमटा


१२ डिसेंबर

दादा,

तू लिहिलं नाहीस. पण तुझं पत्र आलं, काल. आता हे असं लिहायची वेळ आलीय आपल्यावर.

आणि त्यात काय लिहिलंयस माहितीये? "आता पत्र लिहीत बसत नाही. थंडी सरली की स्वतःच येतो."

आईने वाचलं, परत वाचलं, आणि पत्र घडी करून पोलक्यात ठेवलं. अप्पा तेव्हा खोलीत नव्हते, मोरीत पाय धुवत होते. बाहेर आले तर आई म्हणाली, "ऐकलंत का, येतोय म्हणे." ते म्हणाले, "येऊ दे नाहीतर न येऊ दे, मला काय." पण पाय पुसायचा टॉवेल त्यांनी चेहऱ्याला लावला.

मला आधी कळेना, यांना ही दुर्बुद्धी कुठून सुचली? चाललं होतं ते चालू द्यायचं. मग अल्बमचा मागचा कप्पा उघडून पाहिला. त्यात ते फसलेली तिकिटं ठेवतात, म्हणजे ज्यांच्यावरचा शिक्का पसरलेला असतो, तारीख वाचता येत नाही अशी. तुझ्या सगळ्या पत्रांतून अशी मोजकीच निघाली होती. बाकीच्यांवर तारीख स्वच्छ, आणि आई प्रत्येक पाकीट खिडकीशी नेऊन उलटंपालटं करून बघते, दोन वर्षांपूर्वीची तारीख तिला दिसणारच. तर तो कप्पा आता रिकामा आहे. लावून झालेली पुन्हा लावली तर आई ओळखेल, म्हणजे त्यांच्याकडे लावायला तिकीटच उरलेलं नाही.

इथे घोडं पेंड खायला लागलं. पत्रं एकदम बंद झाली तर आई पुन्हा त्या जानेवारीसारखी होणार, खिडकीत उभी. तू तेव्हा इथे नव्हतास, तुला ती माहीत नाही. मी त्यांच्या जागी असते तर 'काम वाढलंय, वेळ मिळत नाही' असं लिहून मोकळी झाले असते. अप्पांना ते जमलं नाही. तुझ्या तोंडी नकार घालायचा त्यांना धीर झाला नाही. म्हणून मग तुला यायला लावलं.

आता थंडी किती दिवस टिकते ते बघायचं. एरवी तिला शिव्या घालणारा माणूस काल गॅलरीत हात बाहेर काढून बघत होता आणि म्हणाला, "छान गारठा आहे अजून."

त्यांना विचारावं असं रोज मनात येतं. विचारलं तर ते मोडून पडतील, नाहीतर मला मोडतील. तू असतास तर आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. निदान एकमेकांना लाथा मारत कोण विचारणार ते ठरवलं असतं.

चिमटा


४ जानेवारी

दादा,

घरात काय चाललंय ते ऐक आणि मग ठरव.

आईने तुझी खोली उघडली. तीन वर्षं तिथे अप्पांचे पुठ्ठ्यांचे गठ्ठे होते, ते तिने त्यांनाच उचलायला लावले. गादी उन्हात टाकली, कापूस पिंजून घेतला, नवी चादर आणली. मला म्हणाली, दारामागची तुझी ती मोडकी खुंटी बदलून घ्यायची. रोज एक नवीन काम काढते आणि रोज अप्पांना सांगते, "येईल ना आता कधीही." अप्पा मुकाट्याने ऐकतात. ते जेवतात का असं विचारशील तर ताटावर बसतात.

गेल्या आठवड्यात एका वकिलाची जाडजूड पुस्तकं बांधायला आली होती. बांधून परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब स्वतः त्यातलं एक घेऊन आले. चामड्याचं कव्हर, सोनेरी अक्षरं, सगळं देखणं, आणि आतली पानं उलटी. अप्पांच्या हातून! उभा जन्म त्या धंद्यात गेला, कधी एक पान मागेपुढे झालं नव्हतं. त्यांनी पुस्तक घेतलं, शिवण उसवायला बसले. मी जेवणाचा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं, त्या अर्ध्या बोटांनी दोरा सापडत नव्हता आणि ते कुणाला मदतीला हाकही मारत नव्हते.

मग मला राहवलं नाही. घरी येऊन आईला म्हटलं, "आई, जरा हळू घे. तो नाही आला तर?"

ती उशीला अभ्रा घालत होती. म्हणाली, "तो नाहीच येणार. त्याने लिहिलंय थोडंच?"

मी बसलेच खाली.

"तुला काय वाटलं, मला कळत नाही?" ती म्हणाली. "पहिलं पत्र आलं तेव्हाच कळलं. मधल्या वळणावर मी थांबते हे पोराला कुठून माहीत असणार? तो कधी चालत उतरलाय का तो जिना? तीन-तीन पायऱ्या उड्या मारत जायचा. वळणावर मी थांबते ते एकाच माणसाने पाहिलंय. माझ्या मागून पिशव्या घेऊन चढतो त्याने."

"मग बोलली का नाहीस?"

अभ्र्याची टोकं तिने एकेक करून नीट केली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून या माणसाने मला एक चिठ्ठी लिहिली नव्हती. गुडघे कसे आहेत असं तोंडाने कधी विचारलं नाही. कुणाच्या नावाने का होईना, विचारलं ना? म्हणून वाचत होते."

दादा, मला रडू आलं आणि तिला नाही. तिने उशी थोपटली आणि एकदम तिचा आवाज बदलला. "पण आता येतो म्हणून लिहिलंय ना त्यांनी? मग आणू देत. स्वतः पेन उचलावं, स्वतःच्या नावाने लिहावं, ये म्हणावं. तोवर मी ही खोली आवरतच राहणार."

"अगं, ते खचलेत."

"खचू देत थोडे. मी नाही खचले?"

तर असं आहे. आई त्यांना कोंडीत धरून बसलीय आणि तिला सोडायचं नाहीये. अप्पा लिहिणार नाहीत. ते तुझ्या नावाने तुझी माया करतील, स्वतःच्या नावाने नाही करणार. परवा मला विचारलं, "तुझ्याकडे त्याचा पत्ता आहे?" मी म्हटलं, "आहे, देऊ?" तर म्हणाले, "राहू दे. सहज विचारलं." टपाल दिवसातून एकदाच येतं, पण ते पेटी बघायला सारखे खाली जातात. आता त्यांना वाचवायला खरंच एखादं पत्र यावं लागेल, आणि ते त्यांना लिहिता येणार नाही.

मी दोघांच्या मध्ये मूग गिळून बसलेय. एकाला दुसरा काय जाणतो ते माहीत नाही आणि मला दोघांचं माहीत आहे. दुकानात औषधं देताना हल्ली दोनदा चिठ्ठी वाचते, मीही उलटी पानं बांधू नयेत म्हणून.

यायचं की नाही ते तुझं तू बघ. मी त्यासाठी गळ घालणार नाही. पण एक पाकीट पाठव. आत काही नसलं तरी चालेल. फक्त या वेळी मला लिहू नकोस. आईलाही नको.

चिमटा


३० जानेवारी

प्रिय दादा,

खोडलेलं नाही, बघ.

काल दुपारी अप्पा वर आले. एरवी पत्र टेबलावर टाकतात, काल ठेवलं. आणि "तुमच्या लाडक्याचं" वगैरे काही नाही. मी सुट्टीवर होते, कांदा चिरत होते. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी सुरी खाली ठेवली. पाकिटावर त्यांचं नाव होतं. तुझ्या अक्षरात, त्यांचं स्वतःचं नाव.

आईने मान वळवून पाकिटाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "परत सुरू केलं वाटतं यांनी. आता तर स्वतःलाच." आणि तोंड फिरवून भांडी आपटायला लागली.

अप्पांनी मला गॅलरीत बोलावलं. दार ओढून घेतलं. "हे तू केलंस," म्हणाले.

"मी? मी कशाला?"

"तुला सगळं माहीत आहे. त्या दिवशी पाण्यात निघाली म्हणालीस तेव्हाच मी समजलो. माझ्यावर दया आली म्हणून केलंस. असलं मला नको."

"अप्पा, शप्पथ मी नाही."

"मग तिकीट कुठून आलं? माझ्याकडचं एक नाही यात. मी बघितलंय." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. कान लाल झाले होते त्यांचे, आपल्याला चोरून गूळ खाताना पकडलं की तुझे व्हायचे तसेच.

आता बघ काय गंमत. आईला वाटतंय अप्पांनी लिहिलं. अप्पांना वाटतंय मी लिहिलं. आणि मला, खरं सांगते, क्षणभर वाटलं की आईनेच लिहिलं असणार, त्यांना अद्दल घडवायला. तिघांतलं कुणीच पाकीट उघडायला तयार नाही. कारण उघडून काही कळणारच नव्हतं. अक्षराचा भरवसा या घरात कुणाला राहिलेला नाही.

शेवटी अप्पाच आत गेले आणि वाडगा काढला. नळाखाली धरला. कात्रीने पाकिटाचा कोपरा कापला, स्वतः, त्या हाताने, मला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, "अप्पा, खरं असेल तर वाया जाईल. फवारा आहे आता माझ्याकडे, मी नीट काढून देते." त्यांनी ऐकलं नाही. कोपरा वाडग्यात सोडला आणि खुर्ची ओढून समोर बसले.

आई भांडी सोडून दारात येऊन उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"काही नाही," अप्पा म्हणाले. "बघतोय."

तिने वाडग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला तिकिटांतलं काही कळत नाही, पण त्यांचा चेहरा तिला चांगला वाचता येतो. ती आली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची घेऊन बसली. मी समोर. कोपरा जरा वेळ तरंगला, मग भिजून खाली गेला. मी चहा केला, तो कुणी प्यायला नाही. अप्पा मधूनमधून चिमट्याच्या टोकाने तिकिटाला हळूच ढोसत होते. जराही हललं तर संपलं, हे मला आणि त्यांना माहीत होतं. एकदा त्याची कड उचलल्यासारखी वाटली आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेच. ती सावली होती, आई वाकून बघत होती तिची.

मग कागद फुगला. फुगून सुटायला लागला, पाण्यात त्याचे तंतू व्हायला लागले. अप्पांनी बोट घातलं आणि चोळलं, कागद लगद्यासारखा निघून गेला, आणि तिकीट काही हललं नाही. मागे कागदाचा पातळ पापुद्रा तसाच धरून बसलं होतं. त्यांनी ते उचललं, नाकाशी नेलं, वास घेतला. आईकडे धरलं. तिनेही घेतला. कसलाच वास नव्हता.

"पोराचं आहे," अप्पा म्हणाले.

आई म्हणाली, "अहो मग उघडा की!" आणि तिचा आवाज फाटला.

आत काय होतं ते तुला माहीतच आहे. एवढा मोठा कागद आणि मधोमध एवढीच ओळ: 'अप्पा, बोटं थंडीत दुखतात का?' त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि कागद टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर डावा हात ठेवला. तीन वर्षांत मी तो हात असा टेबलावर, सगळ्यांसमोर, उघडा ठेवलेला पाहिला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांगितलंस त्याला." मी मानेनेच हो म्हटलं. आई म्हणाली, "मलाही माहीत होतं." ते तिच्याकडे बघतच राहिले. "कधीपासून?" "जिन्याच्या वळणापासून," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

मी आत निघून आले. त्यांचं त्यांना बोलू दिलं. बोलले की नाही माहीत नाही, पण खुर्च्या हलल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

आज सकाळी मी कागद घेऊन बसले तेव्हा अप्पा शेजारी येऊन उभे राहिले. म्हटलं, "दादाला लिहितेय. काही सांगायचंय? की तुम्हीच लिहिता?"

"तूच लिही," म्हणाले. मग कागदाकडे बोट केलं. "लिही, दुखतात. या वर्षी जास्त."

मी लिहिलं. ते जातील असं वाटलं, पण गेले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत राहिले. आई आतून ओरडली की खोलीतली गादी ती काही आता काढणार नाही, हेही लिही म्हणावं. तेही लिहिलं.

मग अप्पा खाकरले आणि म्हणाले, "आणि त्याला म्हणावं, तिकीट पाण्याने वाया गेलं. दुसरं पाठव."

तुझी,
चिमटा